बारा किलो खवा, एक तक्रार आणि जप्तीचा पंचनामा

मागील वर्षी कोजागिरी उलटून चार-पाच दिवस झाले असताना मी तालुक्याच्या बाजारपेठेतील एका घाऊक विक्रेत्याकडून ३२० रुपये किलो दराने १२ किलो खवा घेतला. माझे पोळी-भाजी केंद्र आहे, सोबत चार महिला काम करतात आणि दिवाळीच्या फराळात आमच्या खव्याच्या साटोऱ्यांना दरवर्षी सर्वांत जास्त मागणी असते. तो खवा खराब निघाला, मी तक्रार केली आणि तिसऱ्या दिवशी त्या विक्रेत्याच्या गोदामातील खव्याचा साठा अन्न सुरक्षा कायद्याखाली जप्त होऊन नष्टही झाला. हे परीक्षण त्या विक्रेत्याचे नसून खराब अन्नाची तक्रार घेऊन जप्तीपर्यंत जाणाऱ्या सरकारी सेवेचे आहे, कारण ती कशी चालते हे फारच थोड्या ग्राहकांना ठाऊक असते. विक्रेत्याचे, गावाचे आणि जिल्हा कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही. प्रकरण अद्याप न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे या कायद्याखालचा दंड ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे आहे आणि दोष ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे.

खव्याची परख आमच्या धंद्यात हातानेच होते. चिमूटभर खवा तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळला की त्याला तूप सुटते आणि हाताला आटवलेल्या दुधाचा गोडसर वास बराच वेळ राहतो. त्या दिवशी टोपलीतून काढलेला गोळा वरून पांढराशुभ्र होता, म्हणून घेताना मला काही वावगे वाटले नाही आणि गर्दीच्या घाईत मी तो चोळूनही पाहिला नाही. घरी आणून सुरीने मधोमध कापला तेव्हा आत बोटभर लांबीची करड्या-हिरवट रंगाची रेघ दिसली. प्लास्टिकच्या कागदाला टेकलेली बाजू बुळबुळीत झाली होती आणि तिला बोट लावून उचलले की बारीक तार येत होती. आधी आंबूस वास आला आणि कागद पूर्ण सोलल्यावर त्यामागून खवट वास आला. माझ्याकडे बारा वर्षे काम करणाऱ्या मावशी एवढेच म्हणाल्या, ‘ताई, हा कढईत घालायचा नाही.’

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने माल परत घेण्यास नकार दिला. ‘ताई, दिवाळीत सगळीकडे असाच माल आहे. वरचा थर खरवडून टाका, आतला चांगला असतो, मंद आचेवर भाजला की वास निघून जातो,’ असे त्याचे म्हणणे होते. वास जातो हे खरे आहे आणि धोका त्यातच आहे. खव्यासारख्या दुधाच्या पदार्थात स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू वाढले, तर ते जंतू भाजण्याने मरतात. परंतु त्यांनी आधीच तयार करून ठेवलेले विष उकळण्यानेही नाहीसे होत नाही. असा पदार्थ खाल्ल्यानंतर थोड्याच तासांत उलट्या सुरू होतात. त्यामुळे रंग बदलेपर्यंत भाजलेला आणि वेलदोड्याचा वास लावलेला खराब खवा हा कच्च्या खराब खव्यापेक्षा अधिक फसवा असतो, कारण कच्चा निदान नाकाला तरी सांगतो.

तक्रार करावी की नाही, यावर मी एक रात्र विचार केला. हा विक्रेता आमच्या भागातील बहुतेक घरगुती व्यावसायिकांना उधारीवर माल देतो, मलाही त्याने अडचणीच्या वर्षी दिला होता, आणि लहान गावात तक्रार कोणी केली हे लपत नाही असे सर्वांचेच म्हणणे पडते. पण उरलेला माल दुसऱ्या कोणाच्या तरी कढईत जाणार हे स्पष्ट दिसत होते. सकाळी मी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या टोल फ्री क्रमांकावर फोन केला.

फोनवरील कर्मचाऱ्याने जे विचारले ते मुद्देसूद होते : विक्रेत्याचे नाव व पत्ता, माल घेतल्याची तारीख, बिल आहे का, माल शिल्लक आहे का, तो कोणी खाल्ला आहे का आणि खाऊन कोणी आजारी पडले आहे का. शेवटचा प्रश्न केवळ सहानुभूतीचा नसतो, कारण आजारपण आले की प्रकरणाचे स्वरूपच बदलते. बिलाच्या बाबतीत मी कमी पडले. माझ्याकडे फक्त पेन्सिलीने वजन आणि रक्कम लिहिलेली चिठ्ठी होती. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर विक्रेत्याचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे बंधनकारक आहे, हे मला स्वतः नोंदणीधारक असल्याने माहीत होते, तरीही घेताना मी बिल मागितले नव्हते. त्या क्रमांकाचा पहिला अंक १ असेल तर परवाना आणि २ असेल तर नोंदणी असते, पुढील दोन अंक राज्याचे असतात. एवढे वाचता आले तरी समोरचा व्यवसाय कोणत्या गटातला आहे हे ग्राहकाला कळते. सुदैवाने दुकानातील फलकावरचा क्रमांक मी पूर्वी कधीतरी फोटोत टिपला होता आणि तो तक्रारीत देता आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्न सुरक्षा अधिकारी असलेल्या मॅडम आणि त्यांच्यासोबत एक नमुना सहायक माझ्या केंद्रावर आले. त्यांनी शिल्लक खवा पाहिला, फोटो घेतले आणि माझा जबाब लिहून घेतला. मात्र त्यांनी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली, आणि ती प्रत्येक तक्रारदाराने ध्यानात ठेवावी : माझ्या ताब्यात आलेला, कापलेला आणि दोन दिवस माझ्या फ्रीजमध्ये राहिलेला खवा हा विक्रेत्याविरुद्धचा कायदेशीर नमुना होऊ शकत नाही, नमुना विक्रेत्याच्या ताब्यातील मालातूनच, त्याला लेखी सूचना देऊन घ्यावा लागतो. माझा खवा हा संशयाला आधार होता, पुरावा नव्हता. खरेदी करतानाच विक्रेत्याला ‘मी हे तपासून घेणार आहे’ असे सांगून आणि शुल्क भरून स्वतः अन्न विश्लेषकाकडून, म्हणजे प्रयोगशाळेत अन्न तपासून अहवाल देणाऱ्या अधिकृत तज्ज्ञाकडून, तपासणी करून घेण्याचा हक्क कायद्याच्या कलम ४० ने ग्राहकाला दिला आहे आणि दोष सिद्ध झाल्यास ते शुल्कही परत मिळते. पण घरी आल्यावर माल खराब निघाला तर त्या वाटेचा उपयोग होत नाही. मॅडमनी हे सर्व घाई न करता समजावून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी गोदामाकडे मी येऊ नये असेही सुचवले. माझे नाव त्यांनी विक्रेत्याला शेवटपर्यंत कळू दिले नाही. लहान गावात या एका गोष्टीची किंमत फार मोठी आहे आणि या सेवेला मी त्यासाठी पूर्ण गुण देते.

गुरुवारी सकाळी जप्ती झाली. मी समोरच्या नारळवाल्याच्या गाळ्यापाशी उभी होते. तिथून गोदामाचे अर्धे उघडलेले शटर आणि दारातले टेबल दिसत होते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ३८ ने अन्न सुरक्षा अधिकाऱ्यास कोणत्याही अन्नाचा नमुना घेण्याचा, कायद्याचा भंग करणारे वाटणारे अन्न जप्त करण्याचा आणि हवे तर नमुना घेऊन उरलेला माल विक्रेत्याच्याच ताब्यात सुरक्षित ठेवण्याचा अधिकार दिला आहे. कारवाईच्या वेळी शक्यतो एक किंवा अधिक व्यक्तींना हजर ठेवून त्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ या पंचांसाठी गेला. शेजारच्या तीन गाळेधारकांनी ‘आम्हाला यात पाडू नका’ म्हणून हात जोडले आणि अखेर बाजार समितीत हमाली करणारे दोन गृहस्थ पंच म्हणून उभे राहिले. त्यांनी दोन तासांची मजुरी सोडली, हे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

नमुना कसा सील होतो, हे मी रस्त्यापलीकडून नीट पाहू शकले नाही. पण तीन वर्षांपूर्वी माझ्याच केंद्रातून शेंगदाणा तेलाचा नमुना घेतला गेला होता, तेव्हा ते हातभर अंतरावरून पाहिले होते. एकाच पदार्थाचे चार भाग करून चार स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत भरतात. प्रत्येक बाटली जाड कागदात गुंडाळून, पदनिर्देशित अधिकाऱ्याची (त्या भागातील अन्न सुरक्षेच्या प्रमुखाची) सही आणि सांकेतिक क्रमांक असलेली कागदी पट्टी तळापासून वरपर्यंत चिकटवतात आणि विक्रेत्याची सही अशी घेतात की तिचा अर्धा भाग पट्टीवर आणि अर्धा गुंडाळलेल्या कागदावर येतो. मग सुतळीने आडवे-उभे बांधून लाखेची मोहर उमटवतात. लाख वितळवताना मेणबत्तीची ज्योत पंख्याने सारखी विझत होती आणि माझ्या सहीवर लाखेचा थेंब पडला तेव्हा त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी ती बाटली बाजूला ठेवून पुन्हा नव्याने गुंडाळली होती. त्यावेळी मला तो वेळेचा अपव्यय वाटला. आता वाटत नाही. तीच काळजी विक्रेत्याचेही रक्षण करते आणि ग्राहकाचेही. चारपैकी एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि विक्रेत्याने मागणी केल्यास चौथा भाग अधिस्वीकृत प्रयोगशाळेकडे पाठवता येतो.

नमुना घेतल्यानंतर गोदामातील खव्याच्या टोपल्या एकेक करून बाहेर आणल्या, काट्यावर ठेवल्या आणि प्रत्येकीचे वजन मोठ्याने वाचून पंचनाम्यात लिहिले. एकूण वजन ८६ किलो भरले. डबाबंद किंवा टिकाऊ माल असता तर तो सील करून, त्याच्या किमतीइतके बंधपत्र घेऊन तिथेच ठेवता आला असता. अशा सील केलेल्या मालाला हात लावणे हा कलम ६० प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोन लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. नाशवंत आणि डोळ्यांना दिसेल इतका बिघडलेला खवा सांभाळून ठेवण्यात मात्र काही अर्थ नव्हता. म्हणून विक्रेत्याला लेखी सूचना देऊन तो नष्ट करण्यासाठी नगरपरिषदेच्या टेम्पोत भरला. आमच्याकडे दुपारी जेवायला येणाऱ्या मुकादमांनी नंतर सांगितले की, कचरा डेपोवर जेसीबीने खड्डा काढला, टोपल्या उपड्या केल्या, वर फिनाईल आणि चुना टाकला आणि माती लोटेपर्यंत अधिकारी मॅडम काठावर उभ्या राहून फोटो घेत होत्या. कुत्री खड्ड्याकडे येऊ नयेत म्हणून त्यांनी वरून आणखी एक थर माती टाकायला लावली.

तक्रारीपासून मातीच्या थरापर्यंत एकूण ४८ तास लागले. दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा प्रत्येक जिल्ह्यात मिठाई, तेल, तूप आणि खवा यांच्या तपासण्या एकाच वेळी चालू असतात आणि परराज्यातून खासगी बसच्या टपावरून खवा उतरत असतो, तेव्हा मोजक्या अधिकाऱ्यांनी इतक्या वेगाने येणे हे कौतुकास्पद आहे. इथवरच्या सेवेबद्दल माझी एकही तक्रार नाही.

तक्रार आहे ती यानंतरच्या टप्प्यांबद्दल. जप्ती झाली त्याच संध्याकाळी माझ्या तक्रारीच्या नोंदीपुढे ‘निकाली’ असा शेरा आला. माल नष्ट झाला म्हणजे तक्रार संपली, असा त्याचा अर्थ होतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तेव्हा प्रकरणाची सुरुवात झालेली असते. नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अन्न विश्लेषकाने अहवाल द्यायचा असतो, त्या अहवालाविरुद्ध विक्रेत्याला अपील करता येते आणि त्यानंतर दंडासाठी न्यायनिर्णय अधिकाऱ्यांकडे जायचे की शिक्षेसाठी न्यायालयात, हे ठरते. यांपैकी एकाही टप्प्याची माहिती मला कळवली गेली नाही. दोन महिन्यांत मी कार्यालयात चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नम्रपणे ‘कार्यवाही सुरू आहे’ असे सांगण्यात आले. शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला, तेव्हा तिसाव्या दिवशी उत्तर आले.

त्या उत्तरातील मजकूर हे परीक्षण लिहिण्याचे खरे कारण आहे. अहवालात खवा ‘कमी दर्जाचा’ ठरला होता, कारण त्याची आम्लता मानकाच्या वर होती. खव्यासाठी स्निग्धांश कोरड्या वजनावर किमान ३० टक्के आणि आम्लता लॅक्टिक आम्लाच्या रूपात कमाल ०.९ टक्के असे मानक आहे. स्निग्धांश पुरेसा भरला, आम्लता मात्र मर्यादेबाहेर गेली. बुरशीचा, बुळबुळीतपणाचा किंवा जंतूंचा त्यात शब्दही नव्हता, कारण ती तपासणी झालीच नव्हती. दूध, दही, खवा आणि खव्याची मिठाई यांचे रासायनिक तपासणीचे नमुने वाटेत नासू नयेत म्हणून त्यांत दर २५ ग्रॅमला दोन थेंब या प्रमाणात फॉर्मेलिन घालतात. फॉर्मेलिनने नमुना टिकतो, परंतु त्यातले जंतू मरतात. त्यामुळे जंतूंच्या तपासणीसाठी वेगळा नमुना निर्जंतुक भांड्यात, काहीही न मिसळता, बर्फात ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. त्या गुरुवारी गाडीत शीतपेटी नव्हती, असे मला नंतर तोंडी सांगण्यात आले.

हा फरक तांत्रिक वाटेल, पण सारे त्यावर अवलंबून आहे. कायद्याच्या व्याख्येत जे अन्न घाणेरड्या, कुजलेल्या किंवा सडलेल्या पदार्थाचे बनलेले असते ते ‘असुरक्षित’ ठरते आणि असुरक्षित अन्न विकणे हा कैदेची शिक्षा असलेला गुन्हा आहे. ‘कमी दर्जा’ हे वेगळे कलम आहे. कलम ५१ मध्ये त्यासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे, कैद नाही. म्हणजे ज्या मालाला मानवी सेवनास अयोग्य म्हणून खड्ड्यात पुरले, त्याच मालाला कागदावर केवळ दर्जात उणा म्हटले गेले. पंचनाम्यात ‘हिरवट बुरशी, आंबूस वास, चिकट तार’ हे शब्द आहेत. मी ती प्रत वाचली आहे. अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी जे पाहिले ते प्रयोगशाळेपर्यंत पोचले नाही, कारण ते पोचवणारी बर्फाची पेटी गाडीत नव्हती. मॅडमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही आणि म्हणूनच ही उणीव अधिक टोचते. नासलेल्या दुधाच्या पदार्थावर कारवाईला जाणाऱ्या गाडीत थर्मामीटर, निर्जंतुक बाटल्या आणि शीतपेटी ही काटा आणि लाखेइतकीच आवश्यक सामग्री आहे. तिचा खर्च त्या दिवशी पुरलेल्या ८६ किलो खव्याच्या किमतीपेक्षा बराच कमी असेल.

ज्यांना अशी वेळ येईल त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातून काही सांगते. माल खराब दिसताच तो फेकू नये आणि परत करण्याच्या आशेने विक्रेत्याला आधी फोनही करू नये. मी फोन केला आणि तपासणी होण्याआधी त्याला दोन दिवस मिळाले, तरीही ८६ किलो सापडला हा योग होता. बिल घ्यावेच. कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर वेष्टनासह फोटो काढावेत. अधिकारी आल्यावर, जंतूंच्या तपासणीचा नमुना घेतला जाणार आहे का, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, कारण तो क्षण गेला की माल खड्ड्यात गेलेला असतो आणि दुसरी संधी उरत नाही. नमुन्याची तारीख लिहून ठेवावी आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी लेखी पत्राने अहवाल मागावा. फोनवर अवलंबून राहू नये.

मानांकन द्यायचे झाल्यास तत्परतेला आणि गोपनीयतेला पाचपैकी पाच, नमुना घेण्याच्या तयारीला दोन आणि तक्रारदाराला माहिती देण्याला एक असे मी देईन. एकूण तीन. पुन्हा वेळ आली तर मी याच क्रमांकावर फोन करेन आणि इतरांनीही करावा, कारण ती ८६ किलोंची रास आमच्या तालुक्यातील कोणाच्याही फराळाच्या डब्यात गेली नाही, ती फक्त या सेवेमुळे.

त्या दिवाळीत आम्ही साटोऱ्या केल्या नाहीत. आगाऊ नोंदवलेल्या ४१ घरांचे पैसे परत केले, मावशींनी स्वतः घरोघर जाऊन कारण सांगितले आणि त्यांपैकी बहुतेकांनी त्याच पैशांच्या चकल्या घेतल्या. यंदा मी शेजारच्या गावातील एका दूध उत्पादकाकडून खवा घेते. भट्टीसमोर उभे राहून कढई उतरताना पाहते, गोळा तळहातावर चोळते आणि क्रमांक छापलेले बिल घेतल्याशिवाय निघत नाही. जुन्या विक्रेत्याचे दुकान पुन्हा सुरू झाले आहे आणि आता त्याच्या टोपल्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या लावलेल्या दिसतात. न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढील सुनावणीची तारीख विचारणारे पत्र मी गेल्या महिन्यात पाठवले आहे. उत्तर आल्यावर ते इथेच जोडीन.